खाली ससा, वर ससा

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अशी बातमी होती की दुसऱ्या मजल्यावरच्या दौलत खानविलकरांच्या फ्रीजमध्ये एड्स आहे. बाटलीत. दह्याच्या पातेल्याशेजारी.

बातमी आणली पहिल्या मजल्यावरच्या रखमाबाईंनी. त्या बर्फ मागायला गेलेल्या, आणि फ्रीजचं दार उघडल्यावर त्यांना ती बाटली दिसली. "पिवळट होतं गं आतलं," त्या जिन्यात छातीवर हात ठेवून सांगायच्या, "आणि मी बघितलं ना, की हललं!" दर सांगण्यात ते जास्त हलायचं. शेवटी शेवटी तर ते बाटलीतून रखमाबाईंकडे बघायला लागलेलं. त्यानंतर खानविलकरांकडे कोणी बर्फ मागेना. हळदीकुंकवाला त्यांच्या बायकोने, विमलकाकूंनी, पन्हं केलं तर बायकांनी ओठ टेकवल्यासारखं करून पेले खाली ठेवले. पोरांचा बॉल त्यांच्या गॅलरीत गेला तर तो बॉल गेला असंच धरायचे, मागायला कोणी वर चढायचं नाही.

तर हे सगळं खोटं. एड्स घरी आणण्याइतकी खानविलकरांची मजल नव्हती. त्या बाटलीत सशाच्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी होतं, त्याला ते सीरम म्हणत. वागळे इस्टेटीत दर शुक्रवारी वीज बंद असायची, त्यांच्या लॅबोरेटरीतला फ्रीजही बंद पडायचा, म्हणून गुरुवारी संध्याकाळी ते बर्फ भरलेल्या थर्मासमधून बाटली घरी आणायचे आणि शनिवारी परत न्यायचे. बस, एवढंच. अफवेतले खानविलकर खऱ्या खानविलकरांपेक्षा कितीतरी बरे होते. अफवेतल्यांची निदान भीती वाटायची. खऱ्यांना बघून फक्त जांभई यायची.

खरे खानविलकर म्हणजे बारीक अंगाचा, लांब मानेचा, शर्टाच्या खिशात तीन पेनं लावणारा आणि त्यातलं एकही कोणाला न देणारा माणूस. दारावर पाटी: 'दौलत ग. खानविलकर, एम.एस्सी., पीएच.डी. (चालू)'. मी पहिलीत वाचायला शिकले तेव्हा ती पाटी वाचलेली. बारावीला आले तरी ती चालूच होती. कंस तेवढा मध्ये एकदा पुन्हा रंगवून घेतलेला.

आणि बोलणं! त्यांची नक्कल करायला कष्टच नाहीत. आधी घसा साफ करायचा, जणू आकाशवाणीवर बातम्या आहेत. मग म्हणायचं, "हं... आता असं बघ." मग एक वाक्य सांगायचं. मग विचारायचं, "कळलं?" आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर द्यायचं, "नाही कळलं." हे 'नाही कळलं' ते नाकातून आणि फार समाधानाने म्हणत. दुसऱ्याला कळलं नाही यातच त्यांचं सुख होतं.

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला त्यांनी जिन्यात कधी ना कधी गाठून आपलं संशोधन सांगितलेलं आहे. दूधवाल्यालासुद्धा. त्यामुळे ते मला पाठ आहे.

"हं... आता असं बघ. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. कळलं? नाही कळलं. टीबीचा जंतू शिरला की काही पेशी एक प्रथिन सोडतात, इंटरफेरॉन गॅमा. तो निरोप. काय सांगतो? घुसखोर आला, उठा! एखाद्याच्या छातीत पाणी झालं, तर ते टीबीचं की आणखी कशाचं, हे डॉक्टरला लवकर कळत नाही. पण त्या पाण्यात हा निरोप सापडला, तर टीबीचा संशय पक्का. मात्र तो सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. मग पकडायचा कशाने? अँटिबॉडीने. अँटिबॉडी ज्याच्यासाठी बनवली त्यालाच धरते. दुसऱ्या कोणाला हात लावत नाही."

खानविलकरांचं याच्या बरोब्बर उलट होतं. ते जिन्यात सापडेल त्याला धरायचे.

पुढचा भाग ते हातवारे करून सांगत. अप्पेपात्राला असतात तशा वाट्या असलेली एक प्लास्टिकची प्लेट असते, फक्त वाट्या बोराएवढ्या. वाटीच्या तळाला आधी एक अँटिबॉडी चिकटवून ठेवायची. ही खालची. तिच्यावर पेशंटच्या छातीतलं पाणी घालायचं. त्यात निरोप असेल तर खालची त्याला पकडते. मग प्लेट धुवायची. धुवायची म्हणजे मोरीत झटकायची आणि घडी घातलेल्या टॉवेलवर पालथी आपटायची, थाड थाड. मग वरून दुसरी अँटिबॉडी घालायची, ती पकडलेल्या निरोपाच्या पाठीवर बसते. पुन्हा थाड थाड. ही वरची सशाच्या रक्तातली, म्हणून मग सशाच्या अँटिबॉडीला ओळखणारी शेळीची अँटिबॉडी घालायची, जिच्या शेपटाला रंग आणणारं रसायन बांधलेलं असतं. पुन्हा थाड थाड. शेवटी एक औषध घातलं की ज्या वाटीत निरोप असेल ती पिवळी होते. नसेल ती पाण्यासारखी राहते.

सँडविच म्हणतात या पद्धतीला. खानविलकर ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याची भूक मरावी.

पण त्यांचा खरा देव वेगळा होता. त्याचं नाव ब्लँक. प्लेटमधल्या काही वाट्यांत पेशंटचं पाणी घालायचंच नाही, बाकी सगळं तसंच करायचं. या वाट्या कोऱ्या राहिल्या पाहिजेत. त्याही पिवळ्या झाल्या, तर बाकीच्या पिवळ्या वाट्यांना अर्थ नाही. लॅबोरेटरीत हे ठीक आहे. खानविलकरांनी ते बिल्डिंगीत आणलं. सत्यनारायण झाल्यावर आठवड्यात टाकीला जास्त पाणी यायला लागलं, असं रखमाबाई म्हणाल्या तर हे शिऱ्याचा द्रोण हातात धरून विचारतात, "पूजा न घातलेल्या बिल्डिंगला किती आलं? बघितलंत?" माझ्या मावशीने सोळा सोमवार केले आणि तिचं लग्न ठरलं. हे साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत म्हणाले, "सोमवार न करता लग्न ठरलेल्या मुली मोजल्यात का? ब्लँक कुठाय?" मावशी घास तसाच धरून बसली. नवऱ्या मुलाचे वडील बाबांना हळूच विचारतात, "हे गृहस्थ तुमच्या नात्यातले?" बाबांनी जेवढ्या जोरात नाही म्हटलं तेवढ्या जोरात ते आयुष्यात कशालाच बोललेले नसतील.

विमलकाकूंचं मात्र मला कौतुक वाटतं. त्यांच्या भाजीला कोणी चांगलं म्हटलं की त्याच आधी म्हणायच्या, "थांबा, यांना ब्लँक वाढायचाय."

लॅबोरेटरी एका ट्रस्टची होती. खाली तपासणी केंद्र, म्हणजे रक्त, लघवी, थुंकी आणि काउंटरवर भांडणारे पेशंट. वर संशोधन विभाग, म्हणजे दोन खोल्या, सशांचे पिंजरे, प्रमुख डॉक्टर आनंद कारखानीस, खानविलकर, आणि मदतनीस सुधीर. हा सुधीर माझा मामेभाऊ. शहाडला राहायचा, संध्याकाळी स्टेशनला जाता जाता आमच्याकडे चहाला थांबायचा आणि दिवसभराचे खानविलकर आम्हाला सांगून जायचा. मी फक्त आवाज घालायचे.

खानविलकरांनी नोकरी सुरू केली ती खालच्या काउंटरवर, लघवीच्या बाटल्यांना लेबलं लावत. तिथून वर चढायला त्यांची अर्धी नोकरी गेली. आणि आता कारखानिसांनी त्यांना सांगितलेलं, "खानविलकर, ट्रस्टी विचारतायत वरच्या टेबलाचं काय करायचं. दिवाळीनंतर ते येतील. त्यांच्यासमोर तुमची टेस्ट चालून दाखवा. नाही चालली तर टेबल उठणार आणि तुम्ही खाली. माझ्या हातात नाही."

टेबल उठलं तर पीएच.डी. गेली. ससे गेले. आणि पुन्हा त्याच काउंटरवर, जिथे बाई म्हणते, "ओ भाऊ, ही बाटली माझी नाय, ही त्यांची." हे त्यांना कसं लागलेलं हे चेहऱ्यावरून कळायचं नाही, कारण चेहरा नेहमीच तसा असायचा. पण विमलकाकू आईला म्हणाल्या, "झोपेत लेबलं चिकटवतात हो हल्ली. उशीवर."

आणि मग गणपतीच्या थोडे दिवस आधी खानविलकर पेढे घेऊन दारोदार आले.

"पकडला!" ते म्हणाले. घसा साफ न करता. मी त्यांना पहिल्यांदाच असं एका शब्दात बोलताना ऐकलं. सगळ्या टीबीच्या पेशंटांच्या वाट्या पिवळ्याधमक! रखमाबाईंनीसुद्धा पेढा घेतला, आधी वास घेऊन. कारखानिसांनी ट्रस्टींना फोन केला. दोन दिवस खानविलकर जिन्यातून असे उतरायचे की जिना त्यांच्या नावावर आहे.

तिसऱ्या दिवशी सुधीरदादा चहाला आला तोच मुळी पोट धरून.

"आत्या, पाणी दे आधी. नको, पाणी नको! नळाच्या पाण्याला टीबी झालाय!"

झालेलं असं. परदेशातून बर्फात बसून आलेली शेळीच्या अँटिबॉडीची कुपी एवढीशी, आणि पेशंटांचे नमुने भरपूर. खानविलकरांना हाव सुटली. सगळ्या वाट्या टीबीच्या पेशंटांनाच दिल्या. ब्लँक लावलाच नाही! ज्या माणसाने माझ्या मावशीच्या साखरपुड्यात ब्लँक मागितला, त्याने स्वतःच्या प्लेटमध्ये ब्लँक लावला नाही आणि वर पेढे वाटले. सुधीरदादाने गंमत म्हणून दुसऱ्या दिवशी तीच कृती करून वाट्यांत नळाचं पाणी घातलं. पिवळं. पावसाचं घातलं. पिवळं. काहीच घातलं नाही. तरी पिवळं!

मग कारखानिसांनी त्यांना समोर उभं केलं. हे दादाने जसंच्या तसं करून दाखवलं, कारखानिसांचा जाड आवाज आणि यांचा नाकातला.

"खानविलकर, खालची अँटिबॉडी कशाची?"

"सशाची, सर."

"वरची?"

"तीही सशाची, सर. पण वेगळा ससा."

"आणि शेळीची अँटिबॉडी कोणाला धरते?"

"सशाच्या अँटिबॉडीला, सर."

"कुठल्या सशाच्या?"

खानविलकरांनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत लावलं.

"खाली ससा, वर ससा. निरोप असो की नसो, तळाशी तुमचा ससा बसलेलाच आहे. शेळी त्यालाच मिठी मारते. मग पिवळं नाही होणार तर काय हिरवं होणार? बी.एस्सी.चा पोरगा ही चूक करणार नाही हो!"

यावर खानविलकर काय म्हणाले असतील? "सर, पण माझे ससे फार चांगले आहेत."

खरं कारण हेच होतं. दोन्ही ससे त्यांनी पिल्लापासून वाढवलेले, कोथिंबीर घालून. दुसऱ्या जनावराच्या अँटिबॉडीवर त्यांचा विश्वास नव्हता. खालची वरच्या थराखाली झाकली जाईल, शेळीला दिसणार नाही, असं त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलेलं. एवढं शिकलेला माणूस, आणि मांजरासारखे डोळे मिटून दूध पीत होता.

त्या वर्षी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मी 'नळाला टीबी' केलं. टॉवेल, अप्पेपात्र, थाड थाड. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. खानविलकर पुढच्याच रांगेत बसलेले, एकदाही न हसता. कार्यक्रम संपल्यावर जवळ आले. मला वाटलं आता चिडतील. "हं... आता असं बघ," ते म्हणाले, "प्लेट मी उजव्या हाताने आपटतो. तू डाव्या. निरीक्षण कच्चं आहे." आणि गेले. अशा माणसाचं काय करायचं?

तर आता खालची अँटिबॉडी दुसऱ्या कुठल्यातरी जनावराची हवी होती. परदेशात उंदराची तयार मिळते, पण त्या वर्षी देशाच्याच तिजोरीत डॉलर नव्हते, खानविलकरांना कोण देणार? मग त्यांनी कुठेतरी वाचलं की कोंबडीला ते प्रथिन टोचलं की काही आठवड्यांनी अँटिबॉडी तिच्या अंड्याच्या बलकात उतरते. रक्त काढायला नको, कोंबडी रोज आपणहून आणून देते. आणि शेळीची ती अँटिबॉडी कोंबडीला ओळखत नाही, ससाच शोधत बसते.

पण ट्रस्ट शाकाहारी. जागेत अंडं चालायचं नाही. ससे चालायचे, कारण ते कोणी खात नव्हतं.

आमच्याकडे चेंदणी कोळीवाड्यातून आवडाबाई मासे घेऊन यायच्या. जिन्यात पाटी टेकवून त्या बसल्या की सगळ्या मजल्यांना वास जायचा आणि भाव मात्र तिथेच राहायचा. खानविलकर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी वरच्या पायरीवर होते.

"आवडाबाई, तुमच्याकडे कोंबड्या आहेत?"

"हायेत ना. किती देऊ?"

"विकत नकोत. भाड्याने हव्यात."

आवडाबाईंनी सुरी खाली ठेवली. "भाऱ्यानं? कोंबरी काय सायकल हाय?"

"हं... आता असं बघा. त्या तुमच्याकडेच राहतील. मी येऊन इंजेक्शन देईन. अंडी मात्र माझी. मला त्यातला पिवळा बलक हवाय."

"आनि पांढरा?"

"तो टाकून देणार."

"आनि खानार काय मंग?"

"काहीच नाही."

आवडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, यांच्या घरात मोठं कोनी हाय का? माझं त्यांच्याशी बोलनं करून दे."

शेवटी विमलकाकूंनी वर बोलावून चहा पाजला आणि ठरलं. कोंबड्या कोळीवाड्यात, टोचायची सुई खानविलकरांची, अंडी खानविलकरांची. दर रविवारी सकाळी हे पांढरा कोट घालून खाडीच्या बाजूला कोळीवाड्यात जायचे. कोट कशाला? कोंबड्यांना कळावं म्हणून. वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाकत, आवडाबाईंच्या अंगणात कोंबड्यांमागे धावणारे एम.एस्सी., पीएच.डी. (चालू) बघायला अख्खी गल्ली जमायची. आवडाबाईंचा मुलगा मोरू कोंबडी धरून द्यायचा आणि विचारायचा, "डाक्टर, हिला नक्की काय झालंय?" हे म्हणायचे, "काही नाही." "मंग सुई कशाला?" "तेच तर." मोरूने हे 'तेच तर' पूर्ण कोळीवाड्यात पसरवलं. कोणी काही विचारलं की सगळे म्हणायचे, "तेच तर."

अंडी ते पेन्सिलने खुणा करून एका डब्यात ठेवायला सांगत. ऑक्टोबरात एकदा डबा रिकामा. मोरू दाराशी दात कोरत बसलेला.

"अंडी कुठायत?"

"भुर्जी केली. मित्र आलेले."

"तुला कळतंय का तू काय खाल्लंस?"

"भुर्जी," मोरू म्हणाला. मग चेहरा बघून घाबरला. "का? मला काय होनार?"

"तुला काही होणार नाही," खानविलकर म्हणाले. "मला होणार आहे." आणि ते तिथेच ओट्यावर बसले, कोटासकट. त्या दिवशी ते काहीच समजावून सांगत नव्हते. आवडाबाईंना ते बघवलं नसावं. त्यांनी मोरूच्या पाठीत एक घातली आणि अंड्यांचा डबा देव्हाऱ्याच्या फळीवर नेऊन ठेवला. तिथली अंडी मग कोणी खाल्ली नाहीत.

बलक वेगळा करून त्यातली चरबी काढायचं काम आमच्या बिल्डिंगीत, विमलकाकूंच्या ओट्यावर चालायचं. शेवटी उरणारं स्वच्छ पाणी थर्मासमधून ट्रस्टच्या जागेत जायचं. सुधीरदादाने विचारलं, "सर, हे चालतं का? अंडं आहे ना?" तर म्हणाले, "अंडं बाहेरच राहिलं. आत गेलं ते प्रथिन." नळाला टीबी झाला म्हणून दुनियेपुढे शरमलेला हा माणूस ट्रस्टच्या वॉचमनसमोरून अंडी नेताना किती निर्लज्ज व्हायचा, ते बघण्यासारखं होतं.

दिवाळी झाली. ट्रस्टी यायचा दिवस ठरला. मी त्यांना जिन्यात गाठलं. मी त्यांना गाठायची ही पहिलीच वेळ.

"काका, ट्रस्टींपुढे ब्लँक लावणार?"

"अर्थात."

"लावाल हो. पण दाखवणार नाही. पिवळा झाला तर झाकून ठेवाल. तुमचं टेबल जायचंय."

"पिवळा झाला तरी दाखवणार."

"पैज?"

ते थांबले. घसा साफ केला. "काय लावतेस?"

"तुम्ही हरलात तर पाटीवरचं '(चालू)' पुसायचं. कायमचं."

मला वाटलं आता सटकतील. त्यांनी पाटीकडे बघितलंसुद्धा. "मान्य. आणि तू हरलीस तर मला निरोगी माणसाचं रक्त हवंय, तुलनेसाठी. बिल्डिंगमध्ये कोणी द्यायला तयार नाही."

"मान्य."

"मग तू स्वतः ये बघायला. सुधीरच्या सांगण्यावर मी पैज मोजणार नाही. तो रंगवून सांगतो."

गेलेच मी. सुधीरदादाने मला फ्रीजच्या बाजूला उभं केलं. ट्रस्टी आले, पाच-सहा जाडजूड माणसं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर जेवायची वेळ. अध्यक्ष म्हातारे, टोपीवाले, खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटणारे. खानविलकरांनी शेवटचं औषध घातलं. सगळे वाकून बघायला लागले. हळूहळू टीबीच्या पेशंटांची रांग पिवळी झाली, लिंबाच्या सालीसारखी. दुसऱ्या आजारांची रांग जवळजवळ पाण्यासारखी. आणि शेवटची, ब्लँकची रांग कोरी. कोपऱ्यातली एक वाटी सोडून. ती किंचित पिवळट होती.

मला फ्रीजपाशी नाचावंसं वाटलं.

कारखानिसांना ती दिसली. त्यांनी प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली, आणि धरताना अंगठा बरोब्बर त्या कोपऱ्यावर ठेवला. "बघा साहेब. पेशंट पिवळे, ब्लँक कोरा."

"वा," अध्यक्ष डोळे उघडून म्हणाले. "छान. चला मग."

झालं होतं. टेबल वाचलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे हात जोडून चहा मागवला असता. मीही मनात हरले नव्हते, उलट जिंकलेच होते. पाटीसाठी पांढरा रंग आमच्याकडे आहे का याचा विचार करत होते.

"सर," खानविलकर म्हणाले, "अंगठा."

कारखानीस ऐकू न आल्यासारखे उभे.

"सर, अंगठा काढा. ब्लँक दिसत नाहीये."

 कारखानिसांनी अंगठा काढला. त्यांनी खानविलकरांकडे असं बघितलं की तो चेहरा मला अजून नीट जमत नाही. आणि खानविलकरांनी घसा साफ केला. "हं... आता असं बघा. ही वाटी पिवळी झालीये. का झाली? कळलं? नाही कळलं. मलाही नाही कळलं." आणि मग त्यांनी ट्रस्टींना धरलं. कडेच्या वाट्या जास्त तापतात. किंवा धुताना कोपरा नीट आपटला गेला नसेल. किंवा शेजारच्या वाटीतला थेंब उडाला. तिन्ही शक्यता, मग प्रत्येक शक्यता तपासायची कशी, मग त्या तपासणीचा ब्लँक कसा लावायचा. एक ट्रस्टी घड्याळ बघायला लागले. दुसरे खिडकीतून बाहेर. तिसऱ्यांनी सशाच्या पिंजऱ्यात बोट घातलं आणि काढलं. हे आपले कोंबडीपर्यंत पोचले आणि 'अंडं' म्हणता म्हणता सुधीरदादाने इतक्या जोरात खोकला काढला की त्यांनी मुद्दा बदलला. माझे पाय दुखायला लागले. टेबल हातात आलेलं, आणि हा माणूस ते स्वतः एकेक पाय करून परत देत होता, आणि तेही इतक्या कंटाळवाण्या पद्धतीने!

शेवटी अध्यक्ष काठी टेकत उठले. "कारखानीस, हे गृहस्थ नेहमी असंच बोलतात?"

"हो साहेब."

"आणि टेबल उठवलं तर यांना बसवणार कुठे म्हणालात?"

"खाली. काउंटरवर. पेशंटांशी बोलायला."

अध्यक्षांनी खानविलकरांकडे एकदा, जिन्याकडे एकदा बघितलं. "नको रे बाबा. वरच राहू द्या. आणखी वर्षभर तरी. पेशंट पळून जातील आपले." आणि जेवायला गेले.

म्हणजे टेस्टमुळे नाही, अँटिबॉडीमुळे नाही, खरेपणामुळे तर नाहीच नाही. असह्य असल्यामुळे त्यांचं टेबल राहिलं. आणि त्यांना हे कळलं नाही; ते सुधीरदादाला म्हणत होते, "बघितलंस, चूक सांगितली की लोक आदर करतात."

मी दाराकडे सरकत होते. "थांब," ते म्हणाले. "हरलीस." मी म्हटलं, ट्रस्टींनी ती वाटी नीट बघितलीच कुठे? तर म्हणाले, दाखवणार की नाही एवढीच पैज होती, बघणार की नाही ही नव्हती. मग विचारलं, अठरा पूर्ण झालीत का? मी म्हटलं हो. तर म्हणाले, पुरावा? दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला आणि आईची परवानगी घेऊन यावं लागलं. दाखला त्यांनी उजेडात धरून वाचला. सुधीरदादाने माझ्या दंडाला रबर बांधलं, खानविलकरांनी सुई मात्र खरंच हलक्या हाताने टोचली, हे मला सांगावंच लागेल, आणि पूर्ण वेळ मला माझ्याच रक्ताबद्दल समजावून सांगितलं. मग बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं, 'निरोगी'. पेन तसंच धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि सुधीरदादाला म्हणाले, "पुढे प्रश्नचिन्ह टाक."